कातरणीतली मेंढी, रक्ताचा ठिपका आणि आजीची घोंगडी

प्रश्न असा आला आहे. नाशिकला फोटोग्राफी शिकणाऱ्या एका ताईंनी सिन्नरच्या पूर्व भागात धनगरांच्या वाड्यावर, म्हणजे त्यांच्या रानातल्या मुक्कामावर, जाऊन मेंढ्यांच्या कातरणीचे फोटो काढले. त्यातल्या एका फोटोत मेंढी आडवी पाडलेली आहे, पाय बांधलेले आहेत आणि बरगडीवर कातर लागून थोडं रक्त आलं आहे. मैत्रिणी म्हणतात, हे क्रौर्य आहे, तसंच लिहून हा फोटो लोकांपुढे टाक. वडील म्हणतात, लोकर काढणं म्हणजे आपण केस कापतो तसं, त्यात एवढं काय. ताईंना आजीसाठी घोंगडी घ्यायची होती, ती आता घ्यावी का? आणि यापुढे मेंढ्यांना त्रास न देता त्यांचे फोटो कसे काढावेत?

ताई, मी पशुवैद्य आहे. नोकरीची बहुतेक वर्षं सिन्नर, येवला, नांदगाव या कोरड्या पट्ट्यात गेली आणि त्यातली वीस-बावीस वर्षं गळ्यात कॅमेराही होता. मैत्रिणींचं म्हणणं मला पटत नाही, आणि वडिलांचंही पुरतं पटत नाही. केस कापताना आपल्याला कोणी पाय बांधून पाडत नाही. मेंढीसाठी पाडलं जाणं हीच त्या दिवसातली सगळ्यात मोठी भीती असते. ती कळपात जगणारी, धोका दिसला की पळणारी जात आहे, आणि तिचं पळणंच आपण काढून घेतलेलं असतं. पण त्या रक्ताच्या ठिपक्यावरून निकाल देऊ नका. स्वच्छ कातरीचा वरवरचा छेद काही दिवसांत भरतो. त्यावर माशी बसून आसडी, म्हणजे अळ्या, पडली तर मात्र तीच जखम जिवावर बेतते. म्हणून मी रक्त किती आलं यापेक्षा त्यावर नंतर कोणी काही लावलं का, हे विचारतो.

कातरणी बरी चालली आहे की वाईट, हे ओळखायचं असेल तर कातरणाऱ्याच्या डाव्या हाताकडे बघा. चांगला कातरणारा डाव्या हाताने कातडी ताणून सपाट धरतो आणि उजव्या हाताची कातर कातडीला समांतर सरकवतो. घाईतला माणूस लोकरीचा झुपका धरून वर ओढतो. लोकरीबरोबर कातडीची घडी वर येते आणि कातर नेमकी त्या घडीत शिरते. काखेत, जांघेत, कासेजवळ कातडी सैल असते, तिथे हे जास्त होतं. पाय कापडाने बांधले आहेत की काचणाऱ्या सुतळीने, तेही बघा. मेंढी सावलीत आहे का, बांधून किती वेळ झाला, पोट चाऱ्याने तट्ट भरलेलं तर नाही ना? भरल्या पोटाची मेंढी पाठीवर जास्त वेळ राहिली तर कोठीपोटात वायू धरतो आणि श्वास कोंडतो. म्हणून जाणते लोक सकाळी चरायला सोडायच्या आधीच कातरतात, आणि दिवस भरत आलेल्या गाभण मेंढीला हातच लावत नाहीत. तुमच्या एका फोटोतून यातलं निम्मंही कळत नाही. त्या मेंढीचे आधीचे आणि नंतरचे फोटो असतील तर ते जास्त मोलाचे आहेत. दोरी सुटल्यावर ती उठून अंग झटकून कळपात गेली का? गेल्यावर लगेच चरायला लागली, की मान खाली घालून एका बाजूला उभी राहिली? मला त्या दोन मिनिटांचे फोटो दाखवा.

चेहऱ्यावरूनही बरंच कळतं. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 साली मेंढीच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पट्टी प्रसिद्ध केली. खूर सडलेल्या आणि कासदाह झालेल्या मेंढ्यांचे फोटो बघून ती बनवली होती. डोळा अर्धवट मिटलेला, गाल ताठलेले, नाकपुड्या आवळून मधला भाग इंग्रजी ‘व्ही’सारखा दिसणं, कान मागे वळलेले, अशा खुणा त्यात आहेत. म्हणजे फोटो काढणाऱ्यालाही हे शिकता येतं. फक्त एक सावधगिरी बाळगा. आपल्या दख्खनी मेंढीचे कान मुळातच लोंबते असतात. ताठ कानांच्या विलायती मेंढ्यांवरून शिकलेला डोळा आपल्याकडच्या सगळ्याच मेंढ्यांना दुःखी ठरवेल. ‘बिचारीचा चेहरा बघा’ असं लिहिलेले फोटो मी पाहिले आहेत, त्यातली मेंढी निवांत रवंथ करत होती. त्याउलट, उन्हात छान लोकरदार दिसणारी मेंढी हात लावला की नुसती हाडं लागतात. लोकर अशक्तपणा झाकते. कमरेच्या मणक्यावर बोटं दाबून बघितल्याशिवाय तिची तब्येत कळत नाही. जबड्याखाली लोंबती सूज आणि पापणीची आतली बाजू पांढरीफटक दिसली तर ते बहुधा जंतांचं लक्षण असतं, विशेषतः पावसाळ्यानंतर. अशी मेंढी फोटोत आली तर तो फोटो आधी मेंढपाळाला दाखवा.

आता लोकरीचा मूळ प्रश्न. लोकर म्हणजे क्रूरता, हे वाक्य आपल्याकडे आलं ते ऑस्ट्रेलियाच्या मेरिनो मेंढीवरून, आणि तिथे ते निराधार नाही. जास्तीत जास्त लोकर मिळावी म्हणून मेरिनोची निवड पिढ्यान्‌पिढ्या अशी झाली की तिचं अंग लोकरीने गच्च भरलं. कातडीला सुरकुत्या असलेल्या मेंढ्यांमध्ये शेपटीखालचा भाग मुताने-लेंड्यांनी ओला राहतो, तिथे माशी अंडी घालते आणि अळ्या जिवंत मेंढीला खातात. त्यावर 1930च्या सुमाराला उपाय निघाला तो म्यूल्सिंगचा. म्हणजे कोकराच्या शेपटीभोवतीची कातडी कापूनच टाकायची, की तिथे लोकर न येणारा सपाट वण तयार होतो. बराच काळ हे भूल न देता केलं गेलं. न्यूझीलंडने 1 ऑक्टोबर 2018 पासून त्यावर बंदी घातली, ऑस्ट्रेलियात ते अजून चालतं. तुम्ही मॉलमध्ये मेरिनोचा महाग स्वेटर घेणार असाल तर तो म्यूल्सिंगमुक्त लोकरीचा आहे का, हे जरूर विचारा.

सिन्नरच्या माळावरची मेंढी मात्र या गोष्टीतली नाही. दख्खनी मेंढीची लोकर विरळ, केसाळ आणि भरड असते. पोट आणि पाय जवळजवळ उघडे असतात. मेरिनोसारख्या घड्या तिच्या अंगावर नसतात, त्यामुळे म्यूल्सिंगची गरजच कधी पडली नाही. आपल्याकडे नगर-नाशिकच्या बाजूला जी संगमनेरी म्हणून ओळखतात तीही दख्खनीचीच शाखा, रंगाने बहुधा पांढरी. लोणंद, सोलापुरी, कोल्हापुरी या तिच्या इतर शाखा. वर्षातून दोनदा कातरलं तरी एका वेळेला एका मेंढीची लोकर अर्धा किलोसुद्धा भरत नाही. तुलनेला सांगतो, 2015 साली कॅनबेराजवळ एक हरवलेली मेरिनो सापडली. कितीतरी वर्षं कातरली न गेल्याने तिच्या अंगावरून एकदम 40 किलोहून जास्त लोकर निघाली. तिला धड चालताही येत नव्हतं. म्हणजे माणसाने घडवलेल्या या जनावराला कातरायचंच नाही, हा दयेचा मार्ग होऊ शकत नाही. आपल्या मेंढीवर एवढं ओझं चढत नाही, पण न कातरलेल्या, चिखलाने गुठळ्या झालेल्या लोकरीत गोचीड लपतात, पावसात ती दिवसेंदिवस ओली राहते आणि खालची कातडी खराब होते.

आणि इथेच मला जे मनापासून सांगायचं आहे ते येतं. आपल्या भागातल्या मेंढीला लोकर विकली जाण्यातून फारसा त्रास नाही. लोकर विकली जात नाही, यातून मात्र आहे. नांदगावकडचे एक म्हातारे मेंढपाळ मला म्हणाले होते, “डाक्टर, पूर्वी कातरणी म्हंजी आमची सुगी. आता कातरणाऱ्याला मेंढीमागं पैसे मोजायचे, वर जेवण घालायचं, आन्‌ लोकर बांधावर टाकून पुढं चालायचं.” लोकर विकून कातरणीची मजुरीही सुटत नाही. मिलचे ब्लँकेट आणि सिंथेटिक रग आले, गालिच्यासाठी बाहेरची मऊ लोकर आली, आणि ही भरड काळी लोकर कोणाला नकोशी झाली. परिणाम काय झाला? कातरणी लांबते. कसबी हात कमी झाले, पोरं या कामात राहिली नाहीत. जो कातरणारा मिळतो तो मेंढीमागे पैसे घेतो, म्हणून दिवसात जास्तीत जास्त मेंढ्या उरकायच्या मागे असतो. मग डाव्या हाताने कातडी ताणायला वेळ कोणाला आहे? तुमच्या फोटोतला तो ठिपका कदाचित या घाईतूनच आला असेल. पूर्वी लोकर मळू नये म्हणून कातरणीच्या आदल्या दिवशी ओढ्यात किंवा धरणाच्या कडेला मेंढ्या धुवायचे. लोकर टाकूनच द्यायची तर धुणार कोण?

हेही लपवत नाही की आजचा मेंढपाळ जगतो तो मटणावर आणि शेतात मेंढ्या बसवण्याच्या मोबदल्यावर. कांदा-गहू निघाल्यावर निफाड, दिंडोरीच्या शेतांत वाडे उतरतात, रात्री वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढ्या कोंडतात आणि लेंडीखताबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. बोकडासारखाच मेंढ्याचाही शेवट कसायाकडे होतो. ज्यांना ते मान्य नाही त्यांचा मी आदर करतो. पण लोकर न घेतल्याने ती साखळी थांबत नाही. लोकरीचं उत्पन्न असतं तेव्हा म्हातारी मेंढी आणखी एखादं वर्ष कळपात राहायला एक कारण असतं. ते गेलं की लोकर नसलेल्या, फक्त मांसाच्या जातींकडे लोक वळतात, आणि तसं होताना मी पाहतो आहे.

कातरणीच्या वेळेबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. 2021च्या डिसेंबरच्या सुरुवातीला अवकाळी पाऊस आणि बोचरा वारा एकदम आला, तेव्हा पुणे आणि तेव्हाच्या नगर जिल्ह्यात शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. उघड्या रानात वाघरीत कोंडलेली मेंढी भिजली की तिला आडोसा नसतो, आणि कोकरं तर रात्रही काढत नाहीत. नुकतीच कातरलेली मेंढी अशा पावसात सापडली तर तिच्या अंगावर काहीच नसतं. निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्राचा पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो, तो चार-पाच अंशांवर उतरतो ते तुम्हाला माहीत आहेच. म्हणून मी मेंढपाळांना सांगत आलो, थंडी भरात असताना कातरू नका, आणि कातरल्यावर पहिले काही दिवस ढग बघत रहा, जवळ ताडपत्री ठेवा. तुम्हाला खरंच मेंढीच्या हालांवर फोटो करायचे असतील तर या ताडपत्रीवर करा. कोणत्या वाड्यावर ती आहे, कोणत्या नाही, आणि नसेल तर का.

फोटो काढण्याविषयी. मेंढीचे डोळे बाजूला असतात आणि बाहुली आडव्या फटीसारखी, त्यामुळे तिला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. फक्त बरोबर पाठीमागे एक अरुंद पट्टा आंधळा असतो. गुपचूप मागून गेलात तर नेमके त्याच पट्ट्यातून उगवता आणि सगळा कळप उधळतो. समोरून थेट चालत गेलात तरी तिला ते धावून आल्यासारखं वाटतं. तिरकं चाला, मध्ये थांबा, तिच्याकडे टक लावून पाहू नका. एखादी मेंढी मान वर करून तुमच्याकडे बघायला लागली की तिथेच बसून रहा. एक पाऊल मागे घेतलंत की बहुधा ती पुन्हा चरायला लागते. पंधरा-वीस मिनिटं मातीत बसलात तर कळप तुमच्याभोवती चरत पुढे जातो आणि डोळ्याच्या उंचीवरून जे फोटो मिळतात ते उभं राहून कधीच मिळत नाहीत. मेंढ्या चेहरे ओळखतात. एक मेंढी दुसऱ्या पन्नासेक मेंढ्यांचे चेहरे दोन-दोन वर्षं लक्षात ठेवते, हे 2001 साली केंब्रिजजवळच्या संशोधकांनी दाखवून दिलं. त्यामुळे एकाच वाड्यावर परत परत जा. तिसऱ्या खेपेला कळप तुमच्याकडे बघण्याचा कंटाळा करतो, आणि तुम्हाला हवे तसे फोटो तेव्हा मिळायला लागतात.

रात्री फ्लॅश वापरू नका. हे मी माझ्या चुकीतून सांगतो. येवल्याच्या बाजूला एका वाड्यावर मुक्कामाला होतो, अंधारात वाघरीतल्या मेंढ्यांचा एक फोटो घ्यावासा वाटला आणि फ्लॅश उडवला. बिबट्या आला असं समजून सगळ्या मेंढ्या एका कोपऱ्यात चेंगरल्या, वाघर उखडली आणि एक कोकरू खाली सापडून मेलं. घरधनी मला एक शब्द बोलले नाहीत. कोकराची किंमत दिली ती त्यांनी घेतली नाही. त्या रात्रीनंतर मी अंधारात फ्लॅश लावलेला नाही. सिन्नर-निफाडकडे उसात बिबटे आहेत, येवल्याकडे ममदापूरच्या माळावर लांडगे आहेत. इथल्या मेंढीची भीती तिच्या परीने बरोबर असते. ड्रोनलाही त्याच कारणासाठी माझा विरोध आहे. डोक्यावरून घोंगावणारी वस्तू बघून कळप रस्त्याकडे धावला तर ट्रकपुढे काय होईल, विचार करा.

नुकतं जन्मलेलं कोकरू मांडीवर घेऊन फोटो काढायची फार हौस असते. कृपा करून टाळा. व्याल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत मेंढी आपल्या कोकराला वासाने ओळखून घेते. त्या वेळेत तुमच्या हाताचा, साबणाचा, अत्तराचा वास त्याला लागला तर ती त्याला अंगाशी येऊ देईलच असं नाही, आणि मग ते दुसऱ्या मेंढीला लावताना वाड्यावरच्या बायकांचा दिवस जातो. डालग्याखाली, म्हणजे मोठ्या टोपलीखाली, झाकलेली कोकरं बघायची असतील तर त्या बाईंना विचारा, त्याच डालगं उचलतील. फोटोसाठी कोणाला मेंढीची लोकर धरून तिला ओढायला सांगू नका, तिथे कातडीखाली रक्त साकळतं. जबड्याखाली एक हात आणि मांडीपुढे दुसरा, असं धरतात. टकरी लावून दाखवू का, असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. जनावरं झुंजवणं 1960च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि तुमचा कॅमेरा नसेल तर बऱ्याचदा ती टक्कर होणारच नाही.

उजेडाचं थोडक्यात. काळी मेंढी चौकटभर घेतली की कॅमेरा तिला करडी करतो, म्हणून एक्स्पोजर एका स्टॉपने उतरवा. पांढऱ्या संगमनेरी कळपाला तेवढंच चढवा. काळ्या लोकरीतले धागे दिसायला सकाळचा बाजूने येणारा उजेड लागतो. संध्याकाळी धूळ उडते तेव्हाचे फोटो सगळेच काढतात, मीही भरपूर काढले. पण त्या सोनेरी धुळीत लंगडणारी मेंढी दिसत नाही, हे लक्षात ठेवा.

तो रक्ताचा फोटो टाकायचाच असेल तर एकटा टाकू नका. सुटल्यानंतरचा फोटो, कातरणाऱ्याच्या हातांचा फोटो आणि बांधावर टाकलेल्या लोकरीचा फोटो त्याच्याबरोबर ठेवा, आणि खाली लिहा की ही लोकर कोणी घेतली नाही. मेंढपाळाला आधी दाखवा. त्याचा चेहरा ओळखू येत असेल तर त्याच्या होकाराशिवाय नको. तुमचा फोटो बघून रागावलेली माणसं तुमच्यावर नाही, त्याच्यावर तुटून पडतील.

आणि आजीसाठी घोंगडी जरूर घ्या. सनगर किंवा खुटेकर धनगर विणकराने खड्ड्याच्या मागावर विणलेली घ्या. बाजारात लोकरीची म्हणून ॲक्रिलिकही खपवतात. कडेचा एक धागा काढून जाळून बघा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरडते. ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. नवी घोंगडी ताठ लागेल, कारण ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते. एकदोनदा गार पाण्यात धुतली की मऊ पडते. आजींची कातडी नाजूक असेल तर जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीची, मिळते का विचारा. ती महाग असते पण टोचत नाही. पावसाळा संपला की कडक ऊन दाखवा, नाहीतर कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागते. विणकराला लोकर कुठून आली ते विचारा, आणि तुमच्या त्या वाड्यावरची लोकर तो घेईल का, हेही विचारून बघा. दोघांची एकमेकांशी गाठ घालून देता आली तर पुढच्या कातरणीला ती लोकर बांधावर जाणार नाही.

पुन्हा जाल तेव्हा फोटोंच्या प्रिंट न्या. मोबाइलवर दाखवलेलं वाड्यावर राहत नाही. आणि त्या मेंढीला शोधा. घरधनीण तिला लगेच ओळखेल. तिला धरायला सांगा आणि जिथे कातर लागली होती तिथली आखूड लोकर बोटांनी बाजूला सारून बघा. जखम कोरडी असेल तर काहीच करायचं नाही. ओली असेल किंवा वास येत असेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा, आणि तोवर मेंढी सावलीत, माशांपासून दूर ठेवायला सांगा.